साथीचा पैसा गोळीबार थांबवायला का वापरला, आणि तो आटल्यावर काय?

बाल्टिमोरमध्ये सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीनं तीन प्रश्न विचारले आहेत. कोविडसाठी आलेला मदतनिधी अमेरिकन शहरांनी बंदुकीचा हिंसाचार रोखण्याच्या कामाला लावला, ही पळवापळवी नव्हती का? त्या पैशाचा उपयोग झाला का? आणि तो निधी संपत आलेला असताना तिच्यासारखीनं या क्षेत्रात यावं का?

मी मूळची मिरजेची. गेली सतरा वर्षं पूर्व किनाऱ्यावरच्या एका मध्यम आकाराच्या शहरात आरोग्य खात्याच्या अनुदान विभागात काम करते. वस्तीत काम करणाऱ्या संस्थांशी करार करणं, त्यांची बिलं तपासणं, वॉशिंग्टनला हिशेब पाठवणं, हे माझं रोजचं काम. रस्त्यावर उतरून भांडणं मी सोडवलेली नाहीत. ती सोडवणाऱ्यांचे पगार वेळेवर झाले की नाही, हे मात्र माझ्या टेबलावरून ठरत आलंय. त्यामुळे उत्तर त्या टेबलावरूनच देते.

पळवापळवीचा मुद्दा आधी. माझं ठाम मत आहे की ती नव्हती. २०१९ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ३९,७०७ माणसं मेली. २०२० मध्ये ४५,२२२ आणि २०२१ मध्ये ४८,८३०. यात निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात आणि तो आकडा २०२० मध्ये फार हलला नाही. २०२० मध्ये उसळले ते खून. एका वर्षात देशातले खून जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढले. इतकी वाढ एका वर्षात त्याआधी कधी नोंदली गेली नव्हती. त्याच वर्षी १ ते १९ वयोगटातल्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक झाली. तोपर्यंत ते मोटार अपघात होतं.

कारणं एकात एक गुंतलेली होती. शाळा बंद, मैदानं बंद, उन्हाळ्यात महापालिका मुलांना देते त्या नोकऱ्या रद्द. न्यायालयांचं काम ठप्प, म्हणून जुनी वैरं लोंबकळत राहिली. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा मिनियापोलिसमध्ये पोलिसांच्या हातून मृत्यू झाला आणि आधीच पातळ असलेला पोलिसांवरचा विश्वास अनेक वस्त्यांत संपला. लोक फोन उचलून तक्रार करेनासे झाले. आणि त्या वर्षी बंदूकखरेदीसाठीच्या पार्श्वभूमी तपासण्या चार कोटींच्या घरात गेल्या, तोपर्यंतचा उच्चांक. यातलं कुठलं कारण किती टक्के, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण महामारीनं ज्या वस्त्यांना सर्वात जास्त झोडपलं त्याच वस्त्यांत गोळ्याही सर्वात जास्त चालल्या. आमच्या शहराच्या नकाशावर कोविड मृत्यूंचे ठिपके आणि गोळीबाराचे ठिपके एकावर एक ठेवले तर दोन वेगळे नकाशे आहेत असं वाटत नव्हतं.

ही गोष्ट रुग्णालयात कशी दिसायची ते सांगते. गोळी लागलेल्या मुलाला ट्रॉमा विभागात आणलं की त्याचे कपडे कात्रीनं कापून काढतात. ते कपडे पोलीस कागदी पिशव्यांत घालून पुरावा म्हणून नेतात, बऱ्याचदा फोनही जातो. जखम किरकोळ असेल तर त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी घरी पाठवतात. म्हणजे एकोणीस वर्षांचा मुलगा, दंडाला बँडेज, अंगात रुग्णालयाचा पातळ गाऊन, फोन नाही, आणि बाहेर बसथांबा. ज्याच्याशी वैर आहे तो कुठे उभा असेल ते त्याला ठाऊक असतं. सूड घ्यायचं ठरतं ते बहुतेक वेळा याच काही तासांत.

म्हणून आमच्या निधीवर चालणाऱ्या रुग्णालयातल्या कार्यक्रमाचे कार्यकर्ते प्रत्येक रुग्णासाठी एक पिशवी नेतात. करड्या रंगाची ट्रॅक पँट, टी-शर्ट, सपाता, फोनचा चार्जर, दोन बसपास. ती पिशवी हातात दिली की बोलणं सुरू होतं. घरी जाणं सुरक्षित आहे का, कोण काय करायच्या बेतात आहे, आई कुठे आहे. ही पद्धत नवी नाही. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये १९९४ पासून असं काम चालू आहे. एप्रिल २०२० मध्ये संसर्गाच्या भीतीनं आमच्या इथलं रुग्णालय बाहेरच्या सगळ्यांना बंद झालं. कार्यकर्त्यांचा ओळखबिल्ला ‘अभ्यागत’ या वर्गातला होता, त्यामुळे तेही बाहेर. जवळपास तीन महिने ते पार्किंगमध्ये गाडीत बसून परिचारिकेच्या फोनवरून रुग्णांशी बोलत होते. पिशवी सुरक्षारक्षकाकडे ठेवायची. कधी ती मुलापर्यंत पोचायची, कधी नाही. ज्या काळात गोळीबार सर्वात जास्त वाढला त्याच काळात तो थांबवणारी माणसं दाराबाहेर होती. मग कोविडचा पैसा या कामाला का, असं कुणी विचारलं की मला ती पार्किंगमधली गाडी आठवते.

आता कायदा. ११ मार्च २०२१ ला ‘अमेरिकन रेस्क्यू प्लॅन’ मंजूर झाला. एकूण आकार १.९ लाख कोटी डॉलर, त्यातले ३५ हजार कोटी डॉलर राज्यं, काउंट्या, शहरं आणि आदिवासी सरकारांना थेट. नेहमीच्या केंद्रीय अनुदानात एका कामासाठी एक डबा असतो आणि त्यातून दुसरीकडे एक डॉलर हलवता येत नाही. इथे शहरांना बरीच मोकळीक होती. जून २०२१ मध्ये बायडन प्रशासनानं स्पष्ट सांगितलं की वस्तीपातळीवर हिंसाचार रोखण्याच्या कामाला हा पैसा चालेल.

एक बारकावा बाहेर फारसा कुणी सांगत नाही. अर्थखात्याला खर्चाचा अहवाल पाठवताना प्रत्येक खर्चाला एक क्रमांक द्यावा लागतो. पहिल्या नियमावलीत हे काम ३.१६ या क्रमांकाखाली, वंचित वस्त्यांसाठीच्या सेवांमध्ये होतं. जानेवारी २०२२ च्या अंतिम नियमावलीनंतर ते १.११ झालं, म्हणजे ‘सार्वजनिक आरोग्य’ या पहिल्याच गटात, कोविडच्या कामांच्या लगोलग. तुम्हाला ही कारकुनी वाटेल. पण १९९६ मध्ये संसदेनं रोगनियंत्रण केंद्राच्या अर्थसंकल्पात एक ओळ घातली होती, बंदूक नियंत्रणाच्या पुरस्कारासाठी निधी वापरायचा नाही अशी. त्या ओळीच्या धाकानं वीसहून जास्त वर्षं बंदुकीवरचं केंद्रीय आरोग्य संशोधन जवळजवळ थांबलं होतं. संशोधनाला पुन्हा स्वतंत्र पैसा मिळाला तो २०१९ च्या डिसेंबरात, अडीच कोटी डॉलर. ज्या देशात बंदूक हा आरोग्याचा विषय आहे असं म्हणायला लोक कचरत होते, तिथे अर्थखात्याच्या रकान्यानं ते लिहून दिलं. तो बदल पहिल्यांदा पडद्यावर पाहिला तेव्हा मी शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारून दाखवला होता.

पैसा मिळाला. तो संस्थेच्या हातात कसा पडला, ही या सगळ्यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट आहे आणि तुमच्या अभ्यासक्रमात ती बहुधा नसेल.

हे काम जिवावर उदार होऊन करणाऱ्या संस्था लहान असतात. आमच्याकडची एक सांगते. एका चर्चच्या तळघरात कार्यालय, नऊ माणसं. प्रमुख बाईंचा स्वतःचा मुलगा गोळीबारात गेलेला. चार लाख डॉलरचा करार झाला, पेढे वाटावेत असा आनंद. पण करार होता ‘रिइम्बर्समेंट’चा. आधी संस्थेनं खर्च करायचा, मग पावत्या लावून बिल द्यायचं, आम्ही तपासायचं, मग पैसे. मोठ्या विद्यापीठाला किंवा रुग्णालयाला हे जमतं, त्यांच्याकडे गंगाजळी असते. तळघरातल्या संस्थेच्या बँक खात्यात तीन आठवड्यांच्या पगाराइतकी शिल्लक होती. बँक कर्ज देत नव्हती.

जानेवारीचं बिल त्यांनी १० फेब्रुवारीला पाठवलं. मार्चच्या सुरुवातीला आम्ही ते परत केलं, कारण बसपास वाटपाच्या तक्त्यावर सहा ठिकाणी सही नव्हती. त्यांनी सह्या गोळा केल्या. आम्ही पुन्हा परत केलं. एका मुलाला जिवाचा धोका होता म्हणून दोन रात्री शहराबाहेरच्या मोटेलमध्ये ठेवला होता आणि पावती कार्यकर्त्याच्या स्वतःच्या नावावर होती. त्या मुलाचं नाव कुठल्याही कागदावर येऊ नये म्हणूनच त्यानं तसं केलं होतं. नियमानुसार आमची हरकत बरोबर होती. परत पाठवण्याच्या पत्राखाली सही माझी होती. पैसे जूनमध्ये गेले. तोवर दोनदा पगार चुकले होते.

त्या संस्थेत एक ‘इंटरप्टर’ होता. म्हणजे भांडण पेटायच्या आत मध्ये पडणारा माणूस. चव्वेचाळीस वर्षांचा, बारा वर्षं तुरुंगात काढलेला, ज्या तीन गल्ल्यांत तो फिरायचा तिथली दोन्ही टोळकी त्याच्या शब्दाला मान द्यायची. पदवी घेऊन हा मान मिळत नाही आणि बदली माणूस पाठवून तो हस्तांतरितही होत नाही. दुसरा पगार चुकल्यावर तो एका गोदामात रात्रपाळीला लागला. घरी दोन मुली होत्या. संस्थेच्या बाईंनी मला नंतर सांगितलं की त्यानं कामाचा फोन नंबर मात्र बंद केला नाही. गोदामात खोकी लावता लावता मुलांचे फोन घेत होता, कुणी एक पैसा देत नसताना. ते ऐकल्यावर मी त्या बिलाची फाइल पुन्हा काढली आणि सगळी तारीखवार वाचली. माणूस गमावण्याइतकी मोठी चूक त्यात एकही नव्हती.

महाराष्ट्रात ज्यांनी आशा सेविकांचा मानदेय रखडलेला पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. जिच्यावर वस्तीचा विश्वास तिचाच पैसा सर्वात उशिरा, ही गत इथेही आहे.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. यातली एकही अवघड नव्हती. कराराच्या पंचवीस टक्के रक्कम आगाऊ द्यायला लागलो. केंद्राचे नियम आगाऊ रकमेला मनाई करत नाहीत. मनाई करायची सवय शहरांच्या वित्त विभागांची असते. हिशेबनीसाचा पगार कराराच्याच खर्चात धरला. अगदी नव्या संस्थांना एका मोठ्या संस्थेच्या छत्राखाली आणलं, म्हणजे पगारपत्रकं आणि लेखापरीक्षण मोठी संस्था बघते आणि वस्तीतलं काम नवी संस्था करते. आणि चौथी गोष्ट वित्त विभागातल्या एका जाणकारानं सुचवली. अंतिम नियमावलीनुसार कुठलंही शहर, हिशेब न मांडता, एक कोटी डॉलरपर्यंतची रक्कम ‘महसुलातली तूट’ म्हणून दाखवू शकत होतं. त्या रकमेतून सामान्य सरकारी सेवांसाठी दिलेल्या पैशाला उप-अनुदानाचे जाचक नियम लागत नव्हते. आम्ही लहान संस्थांचे करार त्या रकान्यात हलवले. बसपासच्या सह्यांची अडचण तिथेच मिटली. हा मार्ग पहिल्या दिवसापासून उघडा होता असं मात्र नाही. अंतिम नियमावली येईपर्यंत जवळपास वर्ष गेलं होतं, आणि लहान संस्थांना सर्वात जास्त धक्के बसले ते त्याच वर्षात.

दुसरं दुखणं तारखांचं. नियम असा की ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत सगळा पैसा करारानं बांधून टाकायचा आणि ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत खर्च करायचा. आपल्याकडचं ‘मार्च एंड’ ज्यांनी सरकारी कचेरीत पाहिलंय त्यांना पुढचं कळलंच असेल. २०२४ च्या शरदात देशभरच्या अनुदान विभागांत तीच धावपळ होती. व्हॅन, संगणक, रस्त्यावरचे कॅमेरे, इमारतींची दुरुस्ती, असं एकदाच घेऊन संपणारं काहीतरी सगळ्यांना हवं होतं. सार्वजनिक वित्ताचा एक जुना आणि योग्य नियम आहे, एकदाच येणाऱ्या पैशातून कायमचे पगार बांधू नयेत. मी तो नव्या सहकाऱ्यांना पहिल्या आठवड्यात शिकवते. पण हिंसाचार रोखण्याच्या कामात पगाराशिवाय दुसरं काही नसतंच. यंत्र नाही, औषध नाही, लस नाही. एक माणूस पाच वर्षं त्याच कोपऱ्यावर उभा राहतो आणि पाचव्या वर्षी एक मुलगा त्याला रात्री दोन वाजता फोन करून ‘माझ्या हातात बंदूक आहे, इकडे ये’ असं सांगतो. ते पाचवं वर्ष येण्याआधी निधी संपत असेल तर पहिल्या चार वर्षांचा खर्चही बराचसा वाया जातो. म्हणून मी म्हणते की या निधीत मोठा दोष असेल तर तो त्याच्या मुदतीत होता.

उपयोग झाला का? पुरावा आहे, पण सरळ रेषेत नाही, आणि जो कुणी तुम्हाला एक टक्केवारी देऊन ‘हे शंभर टक्के चालतं’ म्हणेल त्याच्यापासून सावध राहा. तुमच्याच शहरात ‘सेफ स्ट्रीट्स’ हा इंटरप्टरांचा कार्यक्रम २००७ पासून आहे. शिकागोचे साथरोगतज्ज्ञ गॅरी स्लटकिन यांनी मांडलेल्या पद्धतीवर ते चालतं. त्यांनी क्षय, कॉलरा, एड्सच्या साथींवर काम केलं होतं आणि त्यांना गोळीबाराचा नकाशा कॉलऱ्याच्या नकाशासारखा दिसला. एक गोळी दुसऱ्या गोळीला जन्म देते, म्हणून साखळी तोडायची. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासात ‘सेफ स्ट्रीट्स’च्या जुन्या पाच केंद्रांच्या भागांत पहिल्या चार वर्षांत खून साधारण एक तृतीयांशानं कमी झालेले दिसले. सगळ्या केंद्रांचे निकाल सारखे मात्र नव्हते.

शिकागोतला ‘रेडी’ हा कार्यक्रम मला जास्त शिकवून गेला, कारण त्याची चाचणी औषधाच्या चाचणीसारखी, चिठ्ठ्या टाकून झाली. २,४५६ पुरुष. निम्म्यांना अठरा महिन्यांची नोकरी, जोडीला मानसोपचाराच्या पद्धतीनं विचार बदलण्याचे वर्ग. गंभीर हिंसेच्या आधी ठरवलेल्या एकत्रित निर्देशांकावर ठोस फरक दिसला नाही. पण गोळीबार आणि खुनासाठी होणाऱ्या अटका ६५ टक्क्यांनी कमी झाल्या. त्याहून लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे ज्यांची नावं वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी सुचवली होती त्यांच्यात परिणाम अधिक मोठा होता. संगणकानं निवडलेल्यांपेक्षा ओळखीच्या माणसानं निवडलेल्यांना कार्यक्रम जास्त लागू पडला. तो गोदामात गेलेला इंटरप्टर कशासाठी लागतो याचं इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

ओकलंडचा धडा उलट बाजूचा आहे. तिथल्या ‘सीझफायर’ योजनेमुळे बंदुकीचे खून सुमारे ३१ टक्क्यांनी घटल्याचं २०१९ च्या मूल्यमापनात आलं. मग महामारी आली, नेतृत्व बदललं, ज्यांच्याकडून धोका सर्वात जास्त त्या मोजक्या लोकांवरचं लक्ष ढळलं आणि खून पुन्हा चढले. नंतरच्या लेखापरीक्षणात शहरानं स्वतःचीच पद्धत सोडून दिल्याचं नोंदलं गेलं. योजनेचं नाव पाटीवर तसंच होतं.

बाल्टिमोरला या मदतनिधीतून ६४.१ कोटी डॉलर मिळाले. महापौर ब्रँडन स्कॉट यांनी त्यातले ५ कोटी शहराच्या सुरक्षा आणि सहभागाच्या नव्या कार्यालयाला दिले. २०१५ पासून सलग आठ वर्षं या शहरात दरसाल ३०० हून जास्त खून होत होते. २०२३ मध्ये आकडा २६० च्या आसपास आला, २०२४ मध्ये २०१. याच काळात देशभर खून घटले, पोलीस आणि सरकारी वकिलांची टोळीनिहाय मोहीमही २०२२ पासून सुरू होती, म्हणून सगळं श्रेय एका निधीला देता येणार नाही. पण मी या आकड्यांकडे कोरडेपणानं बघू शकत नाही. जानेवारी २०२१ मध्ये ‘सेफ स्ट्रीट्स’चे डांटे बार्क्सडेल गोळ्या लागून मेले. पुढच्या साधारण वर्षभरात त्याच कार्यक्रमाचे आणखी दोन कर्मचारी मारले गेले. आकडा २०१ वर येण्यात त्यांचा वाटा आहे आणि तो कुठल्याच रकान्यात येत नाही.

आता निधी आटल्यावर काय. २०२२ च्या दोन्ही पक्षांनी मिळून केलेल्या कायद्यानं न्यायखात्यामार्फत या कामाला पाच वर्षांत २५ कोटी डॉलर द्यायचं ठरवलं. म्हणजे सगळ्या देशाला वर्षाला ५ कोटी. बाल्टिमोरनं एकट्या शहरासाठी राखलेली रक्कम तेवढीच होती, हे शेजारी ठेवून पाहा. जून २०२४ मध्ये तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे जनतेला आरोग्याबद्दल सल्ला देणारे देशाचे प्रमुख डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी बंदुकीचा हिंसाचार हे सार्वजनिक आरोग्याचं संकट असल्याचं जाहीर केलं. दहा महिन्यांनी, एप्रिल २०२५ मध्ये, नव्या प्रशासनाच्या न्यायखात्यानं तीनशेहून अधिक अनुदानं एका फटक्यात रद्द केली आणि त्यात या कामाची अनेक होती. पत्रात कारण एकच वाक्याचं, हे अनुदान आता खात्याच्या प्राधान्यात बसत नाही. काम वाईट आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं. करारातल्या एका कलमामुळे तसं करता येतं. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक संस्थेला मी ते कलम बोट ठेवून वाचायला लावते.

टिकाऊ पैशाचे रस्ते माझ्या मते तीन आहेत. पहिला मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्यविमा. २०२१ मध्ये कनेक्टिकट आणि इलिनॉय या राज्यांनी सुरुवात केली आणि रुग्णालयातल्या हिंसाचार प्रतिबंधाचं बिल मेडिकेडला लावायची तरतूद केली. पिशवी घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्यासाठी हे उत्तम. पण मेडिकेडला रुग्ण लागतो, त्याचं नाव लागतं, निदान लागतं. कोपऱ्यावर दोन टोळक्यांमध्ये उभ्या राहिलेल्या माणसानं बिल कुणाच्या नावे लावायचं? कुणाला गोळी लागलीच नाही हेच तर त्याचं यश. त्यामुळे मेडिकेडवर सगळा भार टाकू नका.

दुसरा रस्ता राखीव कर. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे आणि त्यातून हिंसाचार प्रतिबंधाच्या राज्य अनुदानाला वर्षाला साडेसात कोटी डॉलरपर्यंत मिळू शकतात. ओकलंडच्या मतदारांनी २००४, २०१४ आणि पुन्हा २०२४ मध्ये मालमत्ता आणि वाहनतळावरचा कर मंजूर केला, त्यातला ठरावीक वाटा या कामाला जातो. शहर आर्थिक अडचणीत असतानाही. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण तिथे अनुदान रद्द करणारं पत्र कुणी पाठवू शकत नाही.

तिसरा, आणि माझ्या लेखी खरा, शहराचा स्वतःचा मूळ अर्थसंकल्प. कचरा उचलणं, अग्निशमन, पाणी यांच्या रांगेत एक ओळ. आमच्या शहरात गेल्या वर्षी अकरा इंटरप्टरांपैकी चौघांचे पगार त्या ओळीत गेले. त्यासाठी दोन वर्षं लागली. उरलेल्या सातांचं अजून ठरलेलं नाही आणि मी रोज त्याच फाइलवर बसलेली असते.

तुमचा शेवटचा प्रश्न, यावं का. या. पण रस्त्यावरचं काम करायला तुम्ही येऊ नका. ते ज्यांना जमतं ते त्या गल्ल्यांत वाढलेले आहेत आणि त्यांची जागा आपण घेऊ नये. इथे चणचण आहे ती अनुदानाचे नियम नीट वाचणाऱ्या, बिल पंधरा दिवसांत मोकळं करणाऱ्या, मूल्यमापन करताना कार्यकर्त्याची वही आणि पोलिसांचा आकडा दोन्ही समोर ठेवणाऱ्या माणसांची. जीवसांख्यिकीबरोबर सरकारी लेखा हा एक विषय घ्या, बहुतेक विद्यार्थी तो टाळतात. आणि या वसंतात तुमच्या शहराच्या अर्थसंकल्पाची जाहीर सुनावणी असेल तेव्हा जाऊन बसा. दोन मिनिटं बोलायला मिळतात. विचारा की मदतनिधीतून पगार घेणारे नेमके किती लोक आहेत, जानेवारी २०२७ मध्ये त्यांतल्या किती जणांचा पगार मूळ अर्थसंकल्पात धरला आहे, आणि संस्थेनं बिल दिल्यापासून तिच्या खात्यात पैसे पडेपर्यंत सरासरी किती दिवस लागतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे कुणाकडे नसेल तर ते लेखी मागा. मिळालेलं उत्तर मला कळवा, आमच्या आकड्याशी ताडून बघू.